गाव भाड्याने देणे आहे

डिसेंबर लागला की आमच्या पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर एक पाटी जिथे-तिथे दिसायला लागते. 'रूम फॉर रेंट.' माडाला खिळा मारून लावलेली, कुंपणाच्या दगडी गडग्यावर चुन्याने लिहिलेली, तुळशीमागच्या भिंतीवर रंगवलेली. मोरजीकडे तर ती रशियन अक्षरांतसुद्धा असते. पाटी एका खोलीची असते, पण मी ती अख्ख्या गावाची म्हणून वाचतो. आणि ह्या लेखात मला जे बोलायचंय ते गोड लागणारं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. परदेशी माणसाला शिव्या घालणारा लेख हवा असेल तर तो हा नव्हे. 'अतिथी देवो भव' म्हणणारा हवा असेल तर तोही हा नव्हे.

ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गोव्याचं उत्तरेचं टोक म्हणजे पेडणे तालुका. वर तेरेखोल नदी, खाली शापोरा नदी, आणि दोन्हींच्या मध्ये समुद्राला लागून केरी, हरमल, मांद्रे, मोरजी हे गाव. नदीपलीकडे महाराष्ट्राचा सिंधुदुर्ग. किनाऱ्याच्या वाळूत मासेमारांची घरं, हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही. त्यामागे माडांची बागायत. त्यामागे भाताचे मळे. आणि मग डोंगर. आम्ही डोंगराकडचे, शेतीवाले. लहानपणी आमच्या घरचं भात, मिरची, कणगी घेऊन आई किनाऱ्यावर जायची आणि येताना टोपलीत तारले, बांगडे घेऊन यायची. पैशाचं काम फारसं पडत नसे.

गोवा १९६१ च्या १९ डिसेंबरला मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या शेवटी कळंगूट-हणजुणेला हिप्पी आले. तिकडे गर्दी झाली तेव्हा त्यांच्यातले काही जण शापोरा ओलांडून आमच्या बाजूला सरकले. तेव्हा पूल नव्हता, फेरीबोट होती. हरमलला डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचं तळं आहे. त्या तळ्याच्या आसपास, वरच्या रानातल्या वडाखाली, नाहीतर एखाद्या रापणकाराच्या पडवीत ते राहायचे. सहा महिने राहायचे, पावसाच्या तोंडाशी जायचे, पाऊस सरला की परत. पुढे चार्टर विमानं सुरू झाली, शिवोली-चोपडेचा पूल झाला, मोरजीत रशियन लोकांची वस्ती वाढली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तर आमच्याच तालुक्यात मोपाच्या पठारावर विमानं उतरायला लागली. पडवीतला पाहुणा म्हणून सुरू झालेली गोष्ट आता अख्ख्या तालुक्याचा धंदा होऊन बसली आहे.

आता डिसेंबरचं चित्र बघा. नाताळच्या आधी आठवडाभर एका ओळखीच्या घरी मिरचीची रोपं पोचवायला गेलो होतो. पुढच्या दाराला हाक मारली तर आतून एक गोरा तरुण उघड्या अंगाने बाहेर आला आणि त्याने बोटाने मागे दाखवलं. मागे गेलो. घरची काकी विहिरीपाशी भांडी घासत होती. म्हणाली, "खोल्यो सगळ्यो दिल्यो भाड्याक. आमी आतां रांदपाच्या कुडींत." म्हणजे सगळं घर भाड्याने, आणि घरधनी स्वयंपाकघरात. नवरा, बायको, दोन मुलं आणि म्हातारी सासू, सगळी चुलीपाशी निजतात, मार्च-एप्रिलपर्यंत. हे एका घराचं नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांची हीच तऱ्हा आहे. घराची मालकीण घराच्या मागच्या दाराने ये-जा करते आणि त्याला आम्ही 'सीझन' म्हणतो.

आणि हा सीझन नेमका सणात येतो. डिसेंबर हा आमच्याकडे नुसता नाताळचा महिना नव्हे. कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव जत्रा, काले, दशावताराचे खेळ असतात. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळची तयारी चाललेली असते. पोरं वाळलेलं गवत आणि माती गोळा करून गोठा मांडतात, बांबूच्या काड्यांची आणि रंगीत कागदाची नखेत्रं करून दारात टांगतात. दोदोल ढवळायला तर दोन घरचे हात लागतात, एका बाईचं ते काम नव्हे. मग दोदोल, नेवऱ्या, कुलकुल यांचं ताट हिंदूंच्या घरी येतं, जसं चवथीला आमच्या घरच्या नेवऱ्यांचं ताट त्यांच्याकडे जातं. ३१ तारखेच्या आधी पोरं जुन्या कपड्यांत गवत भरून सरत्या वर्षाचा 'म्हातारा' करतात, रस्त्यावर बसवून त्याच्या नावाने पैसे मागतात आणि मध्यरात्री जाळतात. ह्या सगळ्याला एक पैसा तिकीट नव्हतं.

आज नाताळच्या रात्री त्या ख्रिस्ती घरातला थोरला मुलगा शॅकमध्ये टेबलं पुसतो, धाकटा मोटारसायकली भाड्याने देतो, आई पाहुण्यांच्या चादरी धुते. मध्यरात्रीच्या मीसला म्हातारी एकटी जाते. दोदोल बाजारातून येतो. ज्यांचा सण आहे ते सणात वाढपी, आणि ज्यांच्यासाठी सण मांडलाय त्यांच्यातल्या कित्येकांचा तो सणच नव्हे. रशियन माणसाच्या चर्चचा नाताळ ७ जानेवारीला असतो, हे किनाऱ्यावरच्या लहान पोरालाही आता पाठ आहे. तरी २५ तारखेला त्याच्यासाठी दिवे लावायचे, कारण त्याला 'गोव्याचा ख्रिसमस' हवा असतो. आणि गोव्याचा ख्रिसमस असलेल्या घराला मात्र त्या रात्री फुरसत नसते.

उलट आमची चवथ बघा. भाद्रपदात, भर पावसात. माटोळीला रानातली फळं, शेतातली काकडी, दोडकी, सुपारीचे घड बांधायचे, घुमट वाजवत आरत्या म्हणायच्या. तेव्हा किनाऱ्यावर परदेशी औषधालाही नसतो. हरमलच्या माउंट कार्मेल चर्चचं फेस्तही जुलैतलं. म्हणजे जे सण गावाचे गावासाठी उरले ते पावसामुळे उरले. आम्ही ते राखले असं कोणी छातीवर हात मारून सांगू नये. उद्या पावसात विमानं भरून यायला लागली तर माटोळीचंही तिकीट निघेल.

ह्यावर गावात तीन प्रकारची भाषणं ऐकू येतात. तिन्ही मला पटत नाहीत.

पहिलं भाषण, 'हाकला यांना'. ग्रामसभेत टेबलावर हात आपटून सांगतात की परदेशी लोकांनी गाव बिघडवला, जमिनी बळकावल्या. मी म्हणतो, बाबांनो, जरा कायदा वाचा. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला ह्या देशात घर-जमीन विकत घेता येत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा तेवढा चालतो. मग त्याला हॉटेल काढायला जागा मिळाली कशी? कोणाच्या तरी नावावर मिळाली. ते 'कोणी तरी' ह्याच तालुक्यातले असतात. परदेशी माणूस घरात उतरला की चोवीस तासांत घरमालकाने नोंदणीचा फॉर्म भरून पोलिसांच्या परदेशी नोंदणी विभागाला कळवायचं असतं. तो न भरणारा घरमालक परदेशी नसतो. १९९१ सालापासून किनाऱ्यासाठी सीआरझेडचे नियम आहेत. भरतीच्या रेषेच्या इतकं जवळ तीन-तीन मजले उभे राहिले तेव्हा वाळूत चिरे रशियाहून आले नाहीत. चिरे आमचे, ट्रक आमचा, मुकादम आमचा, आणि ज्यांनी डोळे मिटून घेतले ते मेंबरही आमचेच. भाडेकरूला हाकलायला सांगणारा माणूस महिन्याच्या एक तारखेला भाडं घ्यायला मात्र त्याच्याच दारात उभा असतो. ही भाषणं मला म्हणूनच खोटी वाटतात.

दुसरं भाषण, 'अतिथी देवो भव'. हे सरकारी जाहिरातीतलं. पण अतिथी शब्दाचा अर्थ बघा ना. ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. जो विमानाचं तिकीट, खोलीचा आगाऊ आणि स्कूटरचं भाडं ठरवून येतो तो गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाशी नीट वागावं, फसवू नये, एवढं पुरे. त्याला देव करायला जाऊ नये. देवाला रात्री दहानंतर कोण बोलणार? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत, रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतं, बस. हा नियम दशावताराच्या मांडवाला लागतो तसाच किनाऱ्यावरच्या पार्टीलाही लागतो. पण देवळासमोर खेळ रंगात आला असता घड्याळ बघणारे आम्ही, किनाऱ्यावर पहाटेपर्यंत छाती हादरवणारा ढोल चालला तर म्हणतो, 'जाऊ दे, सीझन आहे.' हा देवभोळेपणा नव्हे, ही भाड्याची भीती आहे.

ह्याच किनाऱ्यावर नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आणखी एक पाहुणी येते. समुद्री कासवीण. रात्री वाळूत खड्डा करते, अंडी घालते, बुजवते आणि परत जाते. मोरजी आणि मांद्रेच्या किनाऱ्यावर वनखात्याने त्यासाठी जागा राखलेली आहे. पिल्लं फुटली की ती उजेडाच्या दिशेने चालतात, समुद्रावरचा उजेड धरून. किनाऱ्यावर दिवे असले की उलट्या दिशेला, माणसांकडे चालत येतात आणि मरतात. खरी अतिथी ती. तिच्याकडून कोणी भाडं घेत नाही, म्हणूनच तिच्यासाठी दिवा विझवायला सांगावं लागतं.

तिसरं भाषण परदेशी माणसाचंच. वर्षानुवर्षं येणारे, सहा-सहा महिने राहणारे काही जण आहेत. स्वतःला पर्यटक म्हटलेलं त्यांना आवडत नाही. 'आम्ही इथलेच' म्हणतात. त्यांचं म्हणणं असं की, पूर्वीचं हरमल किती सुंदर होतं, दिवे नव्हते, रस्ता नव्हता, तुम्ही लोकांनीच पैशासाठी ते नासवलं. ह्यातलं शेवटचं वाक्य खरं आहे, पण ते बोलायचा अधिकार त्यांना नाही. दिवे नव्हते तेव्हा बाळंतिणीला रात्री फेरीबोटीची वाट बघत धक्क्यावर बसावं लागायचं. ते त्यांच्या फोटोत नाही. ह्यांना गाव हवा असतो तो त्यांच्या देशातून पळून येण्यापुरता. गावाने मात्र गरीब, शांत आणि स्वस्त राहायचं, म्हणजे ह्यांच्या मनाला बरं वाटेल! पाऊस पडून विहिरी गढूळ झाल्या, वीज गेली, साप घरात शिरले की 'इथलेच' लोक विमानात बसतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली तेव्हा हे फार स्पष्ट दिसलं. शेकडो परदेशी किनाऱ्यावर अडकले. गावाने त्यांना तांदूळ, भाजी पोचवली, हे गावाच्या बाजूने नमूद करायला हवं. मग त्यांच्या त्यांच्या सरकारांनी खास विमानं पाठवली आणि ते गेले. जाण्यात काही चूक नाही, जीव कोणाला नको? पण त्या वर्षीच्या नाताळात चार्टर विमान आलं नाही, आणि किनाऱ्यावरच्या घरांत हलकल्लोळ झाला. बाहेरच्या एका देशात रुबल घसरला, रोग आला, लढाई पेटली की हरमलच्या चुलीवरचा भात कमी होतो. असं गाव स्वतंत्र म्हणायचं का?

पण परदेशी म्हणजे गोराच, असं कुठे आहे? गोव्याचाच माणूस जगभर परदेशी होऊन बसलाय. आमच्या किनाऱ्यावरचे कितीक घरांतले पुरुष बोटीवर, ज्यांना आम्ही तारवटी म्हणतो. कोणी कुवेतला, कोणी दुबईला. आणि १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज पासपोर्ट मिळू शकतो, म्हणून हजारो लोक तो काढून इंग्लंडात गेले. स्विंडन नावाच्या शहरात तर गोंयकारांची मोठी वस्ती आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ती वाट नव्यांना अरुंद झाली, पण गेलेले गेले. तिथे ते काय करतात? गोदामात सामान भरतात, कारखान्यात उभे राहतात, दाटीवाटीने एका घरात राहतात. तिथला गोराही म्हणत असेलच, 'ह्यांनी आमचा गाव बिघडवला.' आपल्या भावाला तिथे कोणी असं म्हटलं तर आपल्याला झोंबतं. मग इथे म्हणताना तोंड आवरावं.

पण भावालाही मी सोडणार नाही. तोही नाताळला पंधरा दिवस येतो. दार उघडतो, कोळिष्टकं काढतो, शॅकमध्ये बसून ऑर्डर देतो आणि म्हणतो, 'गोंय पिड्ड्यार जालें रे!' म्हणजे गोवा वाया गेला. आणि ज्या घराचं दार तो वर्षातून पंधरा दिवस उघडतो ते घर? गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा वारसा कायदा आहे. मुलगा-मुलगी सगळ्यांना वाटा. कायदा चांगला आहे, मुलीला वाटा देणारा आहे. पण एका घराला बारा वारस, त्यातले चार इंग्लंडात, दोन आखातात, एक कॅनडात, आणि इन्व्हेंटरीच्या सह्या कोणाच्या होत नाहीत. कौलं पडतात, भिंती ढासळतात. शेवटी कोणी तरी दलाल सगळ्यांना फोन करून सह्या गोळा करतो आणि घर दिल्ली-मुंबईच्या श्रीमंताला जातं. तो देशी, त्याला कायदा आडवत नाही. तो तर सीझनलाही पुरता राहत नाही. पोहण्याचा तलाव बांधतो, कुंपण उंच करतो, राखणदार ठेवतो. भाताचे मळे तरी वाचावेत म्हणून सरकारला २०२३ साली शेतजमिनीच्या हस्तांतरणावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. म्हणजे गोऱ्या भाडेकरूपेक्षा ह्या बंद दारांनी गाव जास्त रिकामा केला. भाडेकरू निदान दिवा लावतो.

आता माझ्या मूळ मुद्द्याला येतो. डिसेंबरात किनाऱ्यावर माणसं मावत नाहीत. रस्त्याला स्कूटरींची रांग. पण त्याच डिसेंबरात सकाळी रापण ओढायला माणूस मिळत नाही. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते अर्धवर्तुळात समुद्रात सोडतात, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि वीस-तीस माणसं, कधी त्याहून जास्त, दोन बाजूंनी ते ओढत आणतात. मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्या हातांचा वाटा. विधवा बाई असो की शाळकरी पोर, दोराला हात लावला त्याला मासळी. बघत उभा राहिला त्याला नाही, मग तो भाटकार का असेना. आज दोराला हात लावायला झारखंड-ओडिशाचे मजूर आणावे लागतात. तेही आमच्यासाठी परदेशीच, फक्त त्यांचे फोटो कोणी काढत नाही.

शेतात तेच. भात कापून झालं की मळ्यात अळसांदे, कणगी, मिरची लावायचे हे दिवस. हरमलच्या मिरचीला जीआय मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. पण मानांकनाने मिरची उगवत नाही, ती लावायला कंबर मोडावी लागते. जवान पोर म्हणतो, एका स्कूटरच्या एका दिवसाच्या भाड्यात तुमची किती किलो मिरची येते ते सांगा. हिशोबात तो बरोबर आहे. म्हणूनच मळे ओसाड पडलेत.

इथे कोणीतरी मला अडवेल. एका रापणकाराने अडवलंच होतं. म्हणाला, "भाऊ, तुमकां उलोवंक किदें जाता? तुमचें भात घरांत येता. आमच्या दर्यांत नुस्तें खंय आसा?" बोलायला तुमचं काय जातं, आमच्या दर्यात मासळी आहे कुठे? हे खरं आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुक्तीनंतर सरकारने ट्रॉलरला उत्तेजन दिलं. ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊन समुद्राचा तळ खरवडू लागले. १९७० च्या दशकात गोव्याच्या रापणकारांनी त्याविरुद्ध मोठी चळवळ केली. माथानी साल्ढाणांसारखी माणसं तीत उभी राहिली. १९८० साली सागरी मासेमारीचा कायदा झाला, किनाऱ्यालगतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखायचं ठरलं. पुढे एलईडी दिवे लावून मासळी गोळा करायची टूम आली. २०१७ साली केंद्राने तिलाही बंदी घातली. पण कागदावरचा पट्टा पाण्यात कोणाला दिसतो? मासळी आटली आणि रापणकाराने खोल्या बांधल्या. तेव्हा रापणकाराला मी लोभी म्हणत नाही. त्याच्या हातातला दोर आधी कापला गेला, पाटी नंतर लागली. जो नेता किनाऱ्यावर येऊन 'परदेशी हटाव' म्हणतो त्याला आधी विचारा, ट्रॉलर का हटला नाही?

पण म्हणून पाटी हाच उपाय झाला का? खोल्या वाढल्या तशा वाळूत संडासाच्या टाक्या वाढल्या. वाळू सगळं झिरपू देते. शेजारच्या विहिरीचं पाणी प्यायच्या लायकीचं राहत नाही. मग खोलीच्या भाड्यातून टँकर विकत घ्यायचा. बापजाद्यांची विहीर दारात आणि पाणी विकत! गडगडं वाढलं तसं खर्चही वाढला, आणि स्वयंपाकघरात निजणारी काकी अजून स्वयंपाकघरातच निजते.

वाईट तेवढंच सांगून भागणार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी किनाऱ्यावर एक परदेशी म्हातारा राहायचा. कुठल्या देशाचा ते कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. पण पहाटे रापणीचा शंख, आरोळी झाली की तो दोराला असायचा. बोलायचा कमी, ओढायचा जोराने. वाटे झाले की रांगेत बसायचा आणि त्याच्या पानावरही बांगडे पडायचे, इतरांइतकेच. जास्त नाहीत, कमी नाहीत. पावसात कोणाच्या घरी माणूस गेलं तर तो खांद्याला असायचा. चवथीला त्याला बोलवावं लागत नसे, तो घुमटाच्या बाजूला येऊन बसायचा. त्याला कोणी देव म्हटलं नाही आणि हाकला म्हणूनही कोणी म्हटलं नाही. शब्दच लागला नाही. तो गावातला झाला होता.

मला गावाची व्याख्या तिथे सापडते. जन्म, धर्म, पासपोर्ट यांवर गावपण ठरत नाही. गावाच्या कामाला ज्याचा हात लागतो तो गावातला. हात न लावणारा हरमलात जन्मला असला आणि स्विंडनहून वा पणजीहून भाडं मोजत असला तरी तो परदेशीच. आणि जो फक्त भाडं भरतो त्याने भाडेकरू म्हणून सुखाने राहावं, मालकाला उपदेश करू नये.

तर मागणी सरकारकडे थोडी आणि आपल्याकडे जास्त आहे. ग्रामसभेला सीझनच्या हिशोबासाठी वेळ काढा. प्रत्येक घराने नोंदणीचा फॉर्म भरावा, भाडेकराराचा कागद करावा, दुसऱ्याच्या धंद्याला आपलं नाव उसनं देऊ नये. जेवढी विहीर तेवढ्याच खोल्या. रापणीची वाळू आणि कासवाची वाळू, इथे एक खुर्ची मांडायची नाही, मग खुर्ची कोणाचीही असो. रात्री दहा म्हणजे दहा, मांडवालाही आणि पार्टीलाही. जो मळा ओसाड आहे त्याच्या धन्याने तो करायला कोणाला तरी द्यावा. आणि बाहेरगावच्या वारसांनी नाताळला आला आहात तर शॅकमध्ये बसण्याआधी इन्व्हेंटरीच्या सह्या करून जाव्या.

शेवटचं किनाऱ्यावरच्या आयाबहिणींना आणि भावांना. २४ तारखेची रात्र आणि चवथीचा दिवस, वर्षातून एवढे दोन दिवस तरी पुढची खोली भाड्याने देऊ नका. एक दिवसाचं भाडं बुडेल. बुडू दे. त्या दिवशी आपल्या घराच्या पुढच्या दाराने आत जा, ओसरीवर बसा, दोदोल घरात ढवळा आणि शेजाऱ्याला हाक मारा. भाडेकरूला यायचं असेल तर त्यानेही यावं, दोदोलाच्या काहिलीत कालथा धरावा, मग ताटात वाटा मिळेल. नुसत्या फोटोसाठी यायचं असेल तर फाटकाबाहेरून काढ म्हणावं.